दिवा कुणाचा, तेल कुणाचे?

मराठी माणसाचे इतिहासावर किती प्रेम आहे हे पाहायला ग्रंथालयात जावे लागत नाही. कोणत्याही रिक्षाची मागची काच पुरते. आमच्या साताऱ्यात तर पानाच्या गादीवर उभा असलेला माणूससुद्धा एक बोट चुन्यात ठेवून दुसरे बोट अजिंक्यताऱ्याकडे करतो आणि औरंगजेब तिथे कसा घायकुतीला आला ते, स्वतः तोफेशेजारी उभा असल्यासारखे, सांगतो. इतिहासासाठी आम्ही वर्गणी काढू, मोर्चा काढू, वेळ पडली तर एकमेकांची डोकी फोडू. एकच गोष्ट करणार नाही. घरातल्या पोराला इतिहास शिकू देणार नाही.

“मुलगी काय करते?” या प्रश्नाला “कॉम्प्युटरमध्ये आहे” असे उत्तर देताना बापाचा आवाज कसा भरदार लागतो! तेच “इतिहासात पीएच.डी. करतेय” म्हणताना तो इतका खाली येतो की, ऐकणाऱ्याला वाटावे, मुलीला काहीतरी झाले आहे आणि औषध चालू आहे.

सांगलीला माझी धाकटी बहीण असते. तिचे यजमान, म्हणजे आमचे मेव्हणे, हळदीच्या अडतीवर दिवाणजी. सबंध आयुष्य वजनकाट्याशेजारी गेल्यामुळे जगातली कोणतीही गोष्ट तोलल्याशिवाय ते खरी मानीत नाहीत. त्यांच्या मुलीने, म्हणजे माझ्या भाचीने, इतिहासात एम.ए. केले आणि घरात जाहीर केले की आता पीएच.डी. करणार. विषय पत्री सरकारचा.

इथे सातारा आणि सांगली यांच्यात पहिली ठिणगी पडली. पत्री सरकार चालले १९४३ ते १९४६ या काळात, आणि तेव्हा सगळा मुलूख सातारा जिल्हाच होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. नाना पाटलांचे येडेमच्छिंद्र, जी. डी. लाडांचे कुंडल, नागनाथअण्णांचे वाळवे, सगळे वाटणीत तिकडे गेले. “इतिहास आमचा, गावे तुमची,” असे मी म्हणालो. मेव्हणे म्हणाले, “दोन्ही तुम्हीच ठेवा, पण या पोरीला समजवा.”

त्यांची तक्रार खरे तर विषयाच्या बारकाव्यावर होती. भाचीला रेल्वे कुणी लुटली, फितुरांच्या तळपायाला पत्री कुणी ठोकली यावर लिहायचे नव्हते. ते पुष्कळांनी लिहिले आहे. तिला लिहायचे होते ते एवढेच, की ही भूमिगत माणसे तीन-चार वर्षे रानावनात राहिली, तर त्यांना भाकरी कुणी घातली? ज्वारी कुणाच्या कणगीतली? दळली कुणी, थापली कुणी, नेऊन दिली कुणी?

मेव्हण्यांनी एका वाक्यात सगळे प्रकरण तोलले. “भाकरीवर पीएच.डी. करून भाकरी मिळणार का?”

हा प्रश्न मेव्हण्यांनाच पडतो असे नाही. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात विधान परिषदेत संशोधकांच्या फेलोशिपचा विषय निघाला तेव्हा सरकारपक्षाकडूनच विचारणा झाली होती, की पीएच.डी. करून काय दिवे लावणार? महाराष्ट्रभर त्यावर बराच गदारोळ झाला. मला मात्र त्या प्रश्नात तथ्य वाटले. दिवे लावायचेच आहेत. प्रश्न तेलाचा आहे. तेल कुणाचे?

मी चौतीस वर्षे सरकारी हिशेबखात्यात काढली. त्यामुळे तत्त्वज्ञानाचा कोणताही प्रश्न माझ्यासमोर आला की तो मला एकाच रूपात दिसतो: हा खर्च कुठल्या सदरात टाकायचा? आत्मा अमर आहे की नाही हे मला सांगता येणार नाही, पण त्याचे बिल कोणाच्या नावाने निघाले ते सांगा, मी मार्ग काढीन.

तेव्हा आधी खर्चाचा अंदाज घेऊ. इतिहासातली ही पदवी मिळवायला काय काय लागते ते भाचीने मला समजावून सांगितले आणि मला आमच्या खात्याबद्दल प्रथमच अभिमान वाटला. आम्ही लोकांना इतके कधीच छळले नव्हते. यू.जी.सी.चे २०२२ चे नियम असे, की एम.ए.ला निदान ५५ टक्के पाहिजेत. राखीव गटांना त्यात ५ टक्क्यांची सूट. मग परीक्षा. मग मुलाखत. मग मार्गदर्शक, आणि तो मिळणे हे स्थळ मिळण्यासारखे आहे. सहायक प्राध्यापकाला एका वेळी चार, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि प्राध्यापकाला आठच विद्यार्थी घेता येतात. चांगल्या मार्गदर्शकाकडे आधीच रांग असते. जागा मिळाली की निदान बारा श्रेयांकांचा अभ्यासक्रम. दर सत्राला समितीपुढे प्रगती सांगायची. कमीत कमी तीन वर्षे, जास्तीत जास्त सहा; पुन्हा नोंदणी करून आणखी दोन; आणि बाईमाणसाला त्यावर आणखी दोन. यू.जी.सी.त कुणीतरी संसार केलेला माणूस असला पाहिजे. शेवटी प्रबंध यंत्रात घालून त्यात दुसऱ्याचे किती उचलले ते मोजतात. दहा टक्क्यांपर्यंत साम्य आढळले तर गुन्हा धरीत नाहीत. (ही सवलत किराणा दुकानदारांना वजनात मिळाली असती तर मेव्हण्यांनी तिला संस्कृती म्हटले असते.) मग बाहेरचे परीक्षक, मग सर्वांसमोर तोंडी परीक्षा.

शिवाय या यादीत न छापलेली अट म्हणजे मोडी. पुण्याच्या पुराभिलेखागारात रुमालांवर रुमाल बांधलेले आहेत आणि ते देवनागरी वाचणाऱ्याशी बोलत नाहीत. पत्री सरकारच्या काळातल्या खेड्यांतल्या खातेवह्याही पुष्कळशा मोडीतच. भाची मोडी शिकली तेव्हा तिच्या वह्या पाहून बहिणीला वाटले, पोरगी डॉक्टरच होणार; अक्षर तसेच आले आहे.

आता जमेची बाजू. केंद्राची ज्युनिअर फेलोशिप मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि पुढे सीनिअर झाल्यावर ४२,०००. पण ती मिळणाऱ्यांची संख्या, आणि ती मागणाऱ्यांची संख्या, ही सांगलीच्या गणपतीच्या पुजाऱ्याची आणि दर्शनाच्या रांगेची संख्या म्हणावी तशी. राज्यात बार्टी आहे, सारथी आहे, महाज्योती आहे. त्यांच्या चाळणीपरीक्षेत २४ डिसेंबर २०२३ रोजी २०१९ च्या सेट परीक्षेचाच पेपर पुन्हा आला अशी तक्रार झाली आणि परीक्षा परत घ्यावी लागली. इतिहासाची पुनरावृत्ती होत नाही असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. भाचीचे नाव अशाच एका यादीत प्रतीक्षेत होते. प्रतीक्षा हा आपल्याकडे संशोधनपद्धतीचाच एक भाग आहे.

तोवर ती एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवीत होती. तासिका तत्त्व म्हणजे तास घेतला तर पैसे, दिवाळीची सुट्टी लागली तर तत्त्व.

अशा वेळी तो गृहस्थ पुढे आला. सांगली जिल्ह्यात दादा, आबा, अण्णा, बापू ही सगळी नावे इतिहासात आधीच जमा झालेली असल्यामुळे आपण त्याला नुसते ‘मालक’ म्हणू. मालकांचा ऊस आहे, पेट्रोल पंप आहे, माणसे आहेत. त्यांनी भाचीला बोलावून घेतले, कपबशी पुढे सरकवली आणि म्हणाले, “बाई, तुम्ही आपल्या भागाचं काम करताय. दोन लाख देतो. गावं फिरायला गाडी देतो. अट कसलीच न्हाई. फक्त आमच्या आजोबांवर एक प्रकरण टाका.”

“आजोबा चळवळीत होते?”

“होते म्हंजे? सगळे त्यांच्याच वाड्यावर जेवायचे.”

“काही पुरावा?”

“आता सख्खा नातू सांगतोय, आणि पुरावा कसला मागताय?”

भाची थेट एस.टी.त बसून साताऱ्याला आली. पिशवीतून भडंगाची पुडी काढून तिने माझ्या हातात दिली आणि विचारले, “मामा, घेऊ का पैसे?”

मेव्हण्यांचे मत तिने आधीच घेतले होते. ते म्हणाले होते, “दोन लाखाला एक प्रकरण? सात प्रकरणं आहेत म्हणतेस, आणखी सहा आजोबा बघ.”

मी तिला लगेच “छे, छे” म्हणालो नाही. “छे, छे” म्हणणे पेन्शनीत बसलेल्या माणसाला फार सोपे जाते. दुसऱ्याच्या गरिबीवर आपले तत्त्व तोलून धरणे यासारखा स्वस्त व्यायाम नाही. मी तिला कंदी पेढा दिला आणि आम्ही दोघे हिशेबाला बसलो.

पहिला प्रश्न असा, की ज्याचे मीठ खावे त्याच्याविरुद्ध लिहावे का? आपली सगळी नीती मिठावर उभी आहे. खाल्ल्या मिठाला जागावे. पण इतिहासकार मिठाला जागला तर कागदाला जागेल का? साताऱ्याचीच गोष्ट घ्या. १८१८ नंतर कंपनी सरकारने इथे जेम्स ग्रँट डफ नावाचा कॅप्टन बसवला. पगार कंपनीचा, कागदपत्रे प्रतापसिंह महाराजांनी दिलेली. त्याने लिहिलेला मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये लंडनला निघाला. हकीकत अशी सांगतात, की एका प्रकाशकाने त्याला सुचवले, नावात मोगलांचा ऱ्हास आणि इंग्रजांचा उदय असे काही घाला, खपेल. डफ म्हणाला, मी लिहिला आहे तो मराठ्यांचा. मग पुस्तक दुसरीकडे छापले आणि पदरचे पैसे गेले ते गेले. म्हणजे कंपनीचे मीठ खाऊनही माणूस नावापुरता का होईना अडून बसला.

“पण आतमध्ये कंपनी होतीच की, मामा,” भाची म्हणाली.

होतीच. म्हणून तर पुढे चाळीसेक वर्षांनी नीळकंठ जनार्दन कीर्तने या विद्यार्थ्याने त्या पुस्तकावर टीका लिहून डफसाहेबाच्या चुका दाखवल्या. डफाजवळ साहेबाचा पगार होता, कीर्तन्यांजवळ विद्यार्थ्याचा रिकामा खिसा. पण टीका करता आली ती खिसा रिकामा होता म्हणून नव्हे. समोर पुस्तक छापलेले होते, कशावरून काय लिहिले हे तपासून पाहता येत होते, म्हणून. हिशेबखात्यात आम्ही हेच म्हणतो. खर्च कोणी केला याने आम्ही फार घाबरत नाही. व्हाउचर जागेवर नसले की घाबरतो.

मग मी तिला दुसरे उदाहरण दिले. साताऱ्याच्याच सरकारी शाळेत नोव्हेंबर १९०० मध्ये एका मुलाचे नाव दाखल झाले. पुढे १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी त्याला अमेरिकेत शिकायला महिना साडेअकरा पौंड तीन वर्षांसाठी दिले, आणि बदल्यात दहा वर्षे बडोद्याची नोकरी करण्याचा करार लिहून घेतला. त्याचा विषय होता ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेची वाटचाल. म्हणजे सरकारच्या हिशेबाचा इतिहास. (माझ्या खात्याला यापेक्षा मोठा सन्मान मिळालेला नाही.) प्रबंध सादर झाला, पण कोलंबिया विद्यापीठाला छापील प्रती लागत. छपाई १९२५ मध्ये झाली आणि पीएच.डी. हातात पडली १९२७ मध्ये. इतकी वर्षे! यू.जी.सी.च्या नियमात बसले नसते. दहा वर्षांची नोकरी मात्र झाली नाही, कारण बडोद्यात अस्पृश्य म्हणून त्यांना राहायला खोलीसुद्धा कुणी देईना. प्रबंध छापला तेव्हा बाबासाहेबांनी तो सयाजीरावांना अर्पण केला, शिक्षणाला मदत केल्याबद्दल. साऱ्या जगासमोर, पहिल्याच पानावर. देणाऱ्याने वेळ विकत दिला, घेणाऱ्याने उपकार उघड मांडला, आणि निष्कर्ष कुणाच्याच करारात नव्हता.

“मग मालकांचे पैसे घेऊन पहिल्या पानावर त्यांचे नाव लिहिले तर?”

“पहिल्या पानाला माझी हरकत नाही. त्यांना पाचवे प्रकरण पाहिजे आहे.”

इथपर्यंत हिशेब सरळ होता. पण भाचीने पुढे जे विचारले त्याने माझी लेखणी थांबली. ती म्हणाली, “समजा मामा, मी कुणाचाच पैसा घेतला नाही. माझ्या तुटपुंज्या मिळकतीत काम केलं. म्हणजे माझा इतिहास शुद्ध झाला का?”

मी म्हणालो, अर्थात. आणि वासुदेवशास्त्री खऱ्यांचे नाव घेतले. मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवणारा हा मास्तर. पटवर्धनांच्या दप्तरातली पत्रे निवडून १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ काढायला लागला आणि १९२४ मध्ये गेला तोवर बारा खंड झाले. तिकडे वाईला जुनी पत्रे सापडली म्हणून राजवाडे १८९८ मध्ये साधनांचा पहिला खंड काढतात आणि बावीस खंडांपर्यंत जातात. स्वतःचा स्वयंपाक स्वतः करून, गावोगाव वणवण करून. इथे साताऱ्याला पारसनीस मेणवलीचे नाना फडणिसांचे दप्तर उजेडात आणतात. यांतल्या कुणाजवळ पीएच.डी. नव्हती. आजच्या छाननी समितीने राजवाड्यांना बी.ए. पाहून दारातूनच परत पाठवले असते, आणि समितीला त्यांनी काय म्हटले असते ते छापण्याजोगे नाही.

“थोर माणसं,” भाची म्हणाली. “पण मामा, त्यांना सापडलं काय? पटवर्धनांचं दप्तर, नाना फडणिसांचं दप्तर, वाईच्या वाड्यातली पत्रं. ज्याच्या वाड्यात दप्तर, त्याचा इतिहास. ज्या बाईनं चार वर्षं भाकरी थापली तिच्या घरी कसलं दप्तर? तिच्याकडे जायचं तर पन्नास गावं हिंडायला पाहिजेत. नव्वदीच्या म्हाताऱ्या शोधायच्या, त्यांच्याशेजारी आठ-आठ दिवस बसायचं. त्याला एस.टी.चं भाडं लागतं, राहायला लागतं, महिन्याचं पोट लागतं. पैसे नसले तर मी पण जवळच्या वाड्यातच जाणार. म्हणजे पैसे नसणं हीसुद्धा एक अटच झाली की. आणि ती मालकांच्या अटीपेक्षा कडक आहे. मालक एक प्रकरण मागतात, गरिबी सगळा विषयच मागते.”

मी गप्प राहिलो. चौतीस वर्षे मी झालेल्या खर्चाचा हिशेब तपासला. न झालेल्या खर्चाने काय काय बुडते, त्याचे सदरच आमच्या नमुन्यात नव्हते. इतिहासावर खर्च केला नाही म्हणून इतिहास लिहायचा थांबत नाही. तो ज्याला परवडतो त्याचा लिहिला जातो, एवढेच. आणि परवडणाऱ्याचे आजोबा नेहमीच शूर असतात.

म्हणून तर हे तेल सगळ्यांच्या पैशातून पडले पाहिजे. सरकार काही निःस्वार्थी आहे म्हणून नव्हे. सरकार हासुद्धा एक मालकच, आणि त्याचेही आजोबा दर निवडणुकीला बदलतात. पण सार्वजनिक तिजोरीत हजार जणांचे आजोबा एकमेकांना अडवतात, आणि त्या गर्दीत एखाद्या आजीला वाट सापडण्याचा संभव असतो. खुद्द पत्री सरकारलाही पैशाची अडचण आली होती. १९४४ मध्ये त्यांनी धुळ्याकडे चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटून ती भागवली. संशोधकांना ही सोय नाही. त्यांना अर्जच करावा लागतो, आणि तोही तीन प्रतींत.

भाचीने मालकांना काय सांगितले ते तिनेच मला नंतर कळवले. “पैसे नकोत. आजोबांचे कागद असतील तर द्या.” मालकांना आधी राग आला. मग कुतूहल वाटले. माळ्यावरून एक पेटी खाली आली. त्यात धान्याच्या खतावण्या होत्या. मोडीत. वाड्यात ती वाचणारे कुणी उरले नव्हते. भाची आठवडाभर सोप्यावर बसून वाचीत होती. त्या वर्षांत कणगीतून आजीकडे जाणारी ज्वारी दुपटीने वाढलेली होती. महिन्यामागून महिने, “घरखर्चास, बाईंकडे”, इतक्या पायल्या, तितक्या पायल्या. घरात माणसे तेवढीच.

“म्हंजे आमच्या वाड्यावरच जेवत होते!” मालक आनंदले.

“अजून सिद्ध नाही,” भाची म्हणाली. “पाहुणे असतील, मजुरी धान्यात दिली असेल. शेजारच्या गावांत विचारावं लागेल.”

“पण आमचे आजोबा आहेत ना त्यात?”

“आहेत. समासात. इथं त्यांच्या अक्षरात लिहिलंय, ज्वारी इतकी कशी खपली, चौकशी करणे.”

मालक बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिले. वाचता येत नव्हती तरी पाहत राहिले. मग म्हणाले, “आजी कधी बोलली न्हाई यातलं.” आणि मग, “वह्यांचे फोटो काढून न्या. पण सिद्ध झालं तर आजीचं नाव नीट टाका. तिचं नाव कुठंच न्हाई आमच्याकडं, सात-बाऱ्यावर बी न्हाई.”

यादी अजून लागायची आहे. मेव्हण्यांनी ही हकीकत ऐकली आणि प्रथमच वजनकाटा बाजूला ठेवून म्हणाले, “खतावणीतला फरक पोरीनं बरोबर पकडला. दिवाणजीची मुलगी आहे.” तेव्हापासून तिच्या एस.टी.चे भाडे ते देतात. मीही पेन्शनीतून दरमहा थोडे पाठवतो. माझ्या डायरीत तो खर्च मी ‘दिवाबत्ती’ या सदरात टाकला आहे. अट अर्थातच काही नाही. फक्त ऋणनिर्देशात माझे नाव मेव्हण्यांच्या खाली येऊ नये, एवढे मी तिला सहज बोलून ठेवले आहे.